मंगळवारची मोजणी

१२ जून १९५६, मंगळवार

ही वही शरयूने दिली. प्रयोगशाळेतली जादा निघालेली, निळ्या रेघांची. म्हणाली, "मावशी, मोजणीच्या रजिस्टरात तुम्ही कडेला 'बिचारे वासरू' असं लिहून ठेवता. ते इथे लिहीत जा. तिथे नुसते आकडे." गेल्या महिन्यात तीन ठिकाणी लिहिलं होतं म्हणे. मला आठवतही नाही.

तर इथे लिहिते. बिचारे वासरू.

शरयू आमच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आली त्याला दीड वर्ष होईल. उज्जैनची मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. मध्यभारत सरकारच्या पशुरोग प्रयोगशाळेत नोकरी करते. विषय गोचीड. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला होता. इतकी नीटस मुलगी, आणि दिवसभर गोचिडांच्या मागे. आता मलाच त्यांच्या पायांवरचे पट्टे ओळखता येतात.

सरकारी दुग्धशाळेत विलायती रक्ताच्या गाई आणल्या आहेत. दर पावसाळ्यात त्यांना ताप येतो, मानेच्या गाठी सुजतात आणि दहाबारा दिवसांत गाय जाते. सगळे म्हणतात, हवा मानवत नाही. शरयू म्हणते, हा ताप गोचीड देतो. आणि त्याहून पुढचं तिचं म्हणणं असं की आपण जनावराच्या अंगावरचे गोचीड काढत बसतो, पण त्यांचं खरं घर भिंत आहे. पोट भरलं की ते खाली गळतात, दगडांच्या फटीत शिरतात, तिथे कात टाकतात आणि पुन्हा भुकेले होऊन बाहेर येतात. फटी बुजवल्या तर गाई वाचतील. चुना आणि वाळू, बस. एवढं सोपं असेल यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

म्हणून आमचा तबेला. रियासतीची फौज हिंदुस्थानच्या फौजेत मिळाली, आमच्या ह्यांना पेन्शन मिळाली, घोडे गेले आणि ग्वाल्हेरच्या जुन्या छावणीतल्या, कंपूतल्या, या घरामागे सहा रिकामी ठाणं राहिली. शरयूने त्यातली दोन मागितली. उजव्या ठाणाच्या भिंती चुन्याने गुळगुळीत केल्या, डाव्या होत्या तशाच फटींच्या ठेवल्या. दोन्हीकडे एकेक देशी गोऱ्हा, सारख्या वयाचा. देशी जनावराला हा ताप बाधत नाही, तेवढं समाधान. दर मंगळवारी सकाळी सहा वाजता दोघांच्या अंगावरचे गोचीड मोजायचे, काढायचा एकही नाही. नोव्हेंबर ते नोव्हेंबर, पुरं वर्ष. घोडे सांभाळणारा आमचा जुना सईस दौलतसिंह वासरू धरतो, शरयू मोजते, मी लिहिते.

आज उजवं ५, डावं ७२.

२६ जून

गरम वाऱ्याची लू अजून थांबली नाही. सकाळी सहालाही दगड तापलेले.

शरयू मोजते तेव्हा पाहत राहावं. कानापासून सुरू करते, मग गळ्याखाली लोंबणारी पोळी, मग पुढच्या पायांच्या काखा, पोट, शेपटीखाली. बोटाने केस उलटे फिरवते आणि ओठ नुसते हलतात. मधे कोणी बोललं तर चिडत नाही, पुन्हा कानापासून मोजते. आज दौलतसिंहने तिला तीन वेळा कानापासून मोजायला लावलं.

"बिटिया, घोड़े की किलनी होती तो मैं एक-एक को नाम लेकर बुला देता," तो म्हणाला. बावीस वर्षं ह्यांच्या घोड्यांपाशी काढली त्याने. वासरांपाशी उभं राहणं त्याला कमीपणाचं वाटतं.

"बाबा, नाम बाद में रखेंगे. अभी गिनने दो."

"आणि पुढच्या वेळी तोंड बंद," हे खिडकीतून म्हणाले. "काय दिवस आले. ज्या तबेल्यात रिसाल्याचा पहिला घोडा बांधला, तिथे आता किड्यांची हाजिरी घेतात." पण आकडा काय आला ते दुपारी मला हळूच विचारलं. मी सांगितलं तर म्हणाले, "हं. गेल्या खेपेपेक्षा चार ज्यादा."

९ जुलै

आज शरयू मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. दुग्धशाळेतली एक गाय काल मेली, तिच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती. मी एक डोळा मिटून पाहिलं. गुलाबी गोल कण, आणि काहींच्या आत निळसर ठिपका, अंगठीसारखा. "हाच," ती म्हणाली. "एवढासा. ह्याच्याने दहा मणांची गाय पडली."

आग्र्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ॲगाथा आम्हाला पानं आणि पाखरं काढायला शिकवायच्या. मुलींनी पाहायला शिकावं, असं म्हणायच्या. सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी पाहायचं थांबवलं. तसं कोणी अडवलं नव्हतं. पाहण्याचं काही कारण राहिलं नाही, एवढंच. आज चाळीस वर्षांनी शरयूने माझ्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाली, "दिसलं तसं काढून द्या, मावशी. आमच्या ड्राफ्ट्समनचा हात जड आहे." तीन तास बसले. मान अवघडली. तिने चित्राखाली माझं नाव लिहिलं.

३१ जुलै, मंगळवार

उजवं ४, डावं ८१.

बाड्यावरच्या बाजारातून हे पेपर घेऊन आले आणि न वाचताच खुर्चीवर टाकला. एक नोव्हेंबरपासून मध्यभारत संपणार, राजधानी भोपाळला. "आधी रियासत गेली, मग फौज गेली, आता कचेऱ्याही चालल्या," म्हणाले. "किल्ला तेवढा ठेवतील. उचलता येत नाही म्हणून."

शरयू संध्याकाळी आली तेव्हा तिच्या हातात सरकारी कागद होता. ग्वाल्हेरची प्रयोगशाळा ऑक्टोबरअखेर बंद होणार. जबलपूरचे एक डॉक्टर सप्टेंबरच्या शेवटी पाहणीला येतील. जे काम त्यांना दमदार वाटेल ते, आणि ते करणारा माणूस, जबलपूरला नेतील. बाकीचे जादा ठरतील.

"आणि जादा ठरलीस तर?"

"इथल्या मुलींच्या शाळेत जागा आहे. फुलाचे भाग शिकवीन." ती हसली. "पण ठरणार नाही, मावशी. नऊ महिन्यांचे आकडे आहेत. एकही मंगळवार चुकलेला नाही. दोन महिने असेच गेले तर कोणीही डॉक्टर असो, त्याला भिंत दिसेल."

मी म्हटलं, नक्की दिसेल. तशी शाळाही काही वाईट नाही. येथून चालत दहा मिनिटांवर, आणि वरच्या खोल्या सोडाव्या लागायच्या नाहीत. तिला खोकल्याची खोड आहे, जबलपूरची हवा दमट म्हणतात.

२८ ऑगस्ट, मंगळवार

उजवं ५, डावं ८६. शरयू आज झाशीकडच्या दुग्धशाळेत गेली, तिथल्या गाई पाहायला. पुढच्या मंगळवारी पहाटेच्या गाडीने परत. घर फार मोठं वाटतं.

३ सप्टेंबर, सोमवार

उद्या पोळा, आज खांदेमळणी. माझ्या सासूबाई ग्वाल्हेरात जन्मल्या, दख्खन त्यांनी पाहिलं नव्हतं, पण पोळा कधी चुकवला नाही. इथल्या लोकांना हा सण ठाऊक नाही. आमच्याकडे बैल नव्हतेच, तरी दर वर्षी कुठून तरी जोडी आणवायच्या. मी आल्यावर मीच करत आले. मधली पाचसहा वर्षं सुटला. आता घरात दोन गोऱ्हे असताना सोडवेना.

संध्याकाळी दौलतसिंहकडून पाणी तापवून घेतलं, दोघांना आंघोळ घातली. मग हळद आणि तूप घेऊन खांदे मळायला बसले. उजव्याचं झालं. डाव्याच्या खांद्याला हात लावला तर बोटांखाली नुसते मणी. गळ्याखाली, काखेत, सगळीकडे. वर्षभर मंगळवारी मी चार हातांवरून पाहत आले, हात कधी लावला नव्हता. वासराने मान माझ्या मांडीवर टाकली. मळायचं तर कुठे मळायचं.

तर काढले. एकेक. दौलतसिंह रॉकेलचा डबा घेऊन बसला, मी काढत गेले, तो टाकत गेला. अंधार पडायच्या आत अंग मोकळं झालं. मग छान मळलं. वासरू इतकं शांत झालं की उभ्या उभ्या डोळे मिटले.

नैवेद्याचं उद्या सकाळी.

४ सप्टेंबर, मंगळवार, पोळा

उजवं ४, डावं ६.

काय लिहू. शरयू गाडीतून उतरली ती तशीच तबेल्यात. सहा वाजले होते. दोघांच्या शिंगांना लावलेला गेरू पाहून हसली, मला नमस्कार केला. मग मोजायला लागली. डाव्याच्या कानापासून, मग गळा, मग काखा. पुन्हा कानापासून. पुन्हा.

"सहा," ती म्हणाली. "मावशी, सहाच आहेत. लिहा."

मी लिहिलं. माझ्याच हाताने लिहिलं. दौलतसिंहने माझ्याकडे पाहिलं, मी रजिस्टराकडे.

सांगणारच होते. पण ती चहा न घेता वर निघून गेली आणि मग पुरणाची घाई. उद्या सांगेन.

९ सप्टेंबर

काल गणपती बसले. शरयू आरतीला खाली आली, प्रसाद घेतला, वर गेली. तीन दिवस तिच्या खोलीत कागदच कागद आहेत. पावसाचे आकडे, उन्हाचे आकडे. म्हणते, फटी बुजवल्या काय, न बुजवल्या काय, पाऊस सरताना ते आपसूक कमी होत असतील. मग तिचं म्हणणंच चूक.

मी सांगायला दोनदा वर गेले. एकदा ती डोळे मिटून पडली होती. एकदा मी विचारलं, "शाळेची जागा कधी भरणार आहेत?" कसं तोंडातून निघालं कोण जाणे. ती म्हणाली, पंधरा ऑक्टोबरला.

दौलतसिंह आज स्वयंपाकघराच्या दाराशी आला. "सरकार, बिटिया को बता दो." मी म्हटलं, बताऊंगी. तो म्हणाला, "घोड़ा लँगड़ाए और सईस न बोले, तो सवार गिरता है." मी त्याला सुपारी आणायला पाठवलं.

११ सप्टेंबर, मंगळवार

उजवं ५, डावं ३१.

शरयू बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिली. सहाचे एकतीस आठ दिवसांत कसे, हे तिला कळेना. "मोजण्यातच चुकत असेन," म्हणाली. "गेला मंगळवारही, आणि कदाचित आधीचेही." आधीचे म्हणजे सगळे.

१२ सप्टेंबर

सांगितलं.

सकाळी तिने मला एक पत्र वाचायला दिलं, इंग्रजी तपासून द्या म्हणाली. जबलपूरच्या डॉक्टरांना होतं. साधं, एका पानाचं. 'मी असा तर्क केला होता की गोचिडांचा मूळ ठाव भिंत आहे. दहा महिने आकडे त्याला धरून होते. सप्टेंबरच्या आकड्याने तो तर्क टिकत नाही. सगळे आकडे जोडले आहेत. पाहणीला येण्याचा आपला त्रास वाचावा म्हणून आधीच कळवत आहे.'

एक शब्द सबबीचा नाही. झाशीहून थकून आले होते, पावसाळा होता, काही नाही. मी आयुष्यात मोठमोठ्या सरदारांची पत्रं पाहिली, हुकूम पाहिले, माफीनामेही पाहिले. स्वतःच्या पायाखालची फळी अशी स्वतः काढून देणारं पत्र पाहिलं नव्हतं. आणि ती फळी मी काढली होती.

मी म्हटलं, "इंग्रजी चांगलं आहे. पत्र पाठवू नकोस. मी काढले ते. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदे मळताना."

ती उभीच होती. ओरडेल असं वाटलं, ओरडावं असंही वाटलं. ती म्हणाली, "किती काढले?"

"मोजले नाहीत."

"मावशी." तिने पत्र माझ्या हातातून घेतलं. "दहा महिने मोजताय आणि काढले तेव्हा नाही मोजले?"

"सण होता ग."

मग ती खुर्चीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मीही. आवाज ऐकून हे जिन्यावर आले. काय झालं ते ऐकल्यावर म्हणाले, "अठ्ठेचाळीस सालापासून सरकार सगळ्यांचं सामान उचलून नेतंय, तुम्ही किडेसुद्धा सोडले नाहीत," आणि काठी टेकत खाली गेले. दहा मिनिटांनी दौलतसिंहसह परत आले. दौलतसिंहच्या हातात रॉकेलचा डबा होता.

त्याने फेकला नव्हता. तबेल्यामागच्या कोनाड्यात जपून ठेवला होता. "फेंकता कैसे," तो म्हणाला. "बिटिया की गिनती के थे."

परातीत कागद पसरून डबा उपडा केला. चौघे मिळून मोजले. हे चष्मा लावून बसले होते, दोनदा चुकले, दोनदा पुन्हा सुरू केलं. त्र्याऐंशी. त्यात अंगावर उरलेले सहा. एकोणनव्वद. त्याआधीच्या मंगळवारी शहाऐंशी होते.

शरयूने ते पत्र फाडलं नाही, घडी घालून ठेवलं. मग रजिस्टर उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागली. कधी काढले, किती वाजता, कोणी, कशाने धुतलं, हळद किती, तूप किती. मी म्हटलं, मागचा आकडा खोडून एकोणनव्वद लिही, कोणाला कळणार. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहान मुलाने निखाऱ्याकडे हात नेला की पाहतो तसं.

"सहा सहाच राहणार," ती म्हणाली. "पण मावशी, तुम्ही काय केलंय ते कळतंय का? जवळजवळ सगळे काढलेत. तरी आठ दिवसांत एकतीस आले. वासरू ठाणाबाहेर गेलेलं नाही. कुठून आले?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"आता उजव्याचेही सगळे काढू. डाव्याचेही पुन्हा काढू. सारखे करू दोघांना. आणि बघू कुठे किती परत येतात."

१३ सप्टेंबर

सकाळी दोघेही मोकळे केले. या वेळी मोजून.

१८ सप्टेंबर, मंगळवार

उजवं १, डावं २२.

२५ सप्टेंबर, मंगळवार

उजवं २, डावं ५८. आज जबलपूरचे डॉक्टर वैशंपायन आले. पन्नाशीचे, बुटके, घामाघूम, पाहणी लवकर आटोपायच्या बेतात. शरयूने वेळ मुद्दाम मोजणीची ठेवली होती. ते ठाणाबाहेर खुर्ची टाकून बसले, रजिस्टर भराभर चाळत होते. चार सप्टेंबरशी थांबले. शेरा वाचला. पुन्हा वाचला.

"हे तूपहळद काय प्रकरण आहे?"

"पोळा," शरयू म्हणाली.

"ग्वाल्हेरात पोळा?" त्यांनी मान वर केली. "कोणी केला हा उद्योग?"

मी पुढे झाले. "मी. माझी चूक होती, आणि ती मी नऊ दिवस लपवली. हिने नाही."

"लपवली हे इथे लिहिलेलं नाही."

"ते मी आत्ता सांगते आहे."

त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. मग उठले, कोट काढून दौलतसिंहच्या हातात दिला आणि डाव्या ठाणात शिरले. शरयूकडून चाकूचं पातं मागून घेतलं, भिंतीतल्या एका फटीत घालून फिरवलं, खाली तळहात धरला. तळहातावर कात पडली, वाळक्या साळीसारखी, आणि दोन जिवंत गोचीड पाय हलवत होते. असंच पाच फटींत केलं. उजव्या ठाणात गेले, भिंतीवरून हात फिरवला, पातं कुठे शिरेना.

"चुना," ते म्हणाले.

"आणि वाळू," शरयू म्हणाली.

निघताना ह्यांना म्हणाले, "कॅप्टनसाहेब, सव्वीस वर्षं सरकारी रजिस्टरं तपासतो आहे. खाडाखोड रोज पाहतो. चूक अशी अंगणात उभी करून ठेवलेली आज पाहिली." हे त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, काठी न घेता.

१७ ऑक्टोबर

हुकूम आला. शरयूची जबलपूरला नेमणूक, गोचिडांच्या कामावरच. नोव्हेंबरच्या पाच तारखेच्या आत हजर व्हायचं. सरकारी दुग्धशाळेच्या गोठ्याच्या फटी बुजवायचं कामही मंजूर झालं, तेही त्याच कागदात.

मी शिरा केला. सगळे खूश आहेत. मीही आहे.

३१ ऑक्टोबर

दुपारच्या गाडीने शरयू गेली. दिवाळीला उज्जैनला थांबून पुढे. स्टेशनवर दौलतसिंहने तिची ट्रंक हमालाला उचलू दिली नाही.

मोजणीचे शेवटचे दोन मंगळवार उरले आहेत. रजिस्टर माझ्याकडे ठेवून गेली. "मोजणी तुम्ही करा. मोजणाऱ्याच्या रकान्यात सही तुमची."

गाडी सुटायला वेळ होता. ती खिडकीत बसली होती, मी खाली उभी. म्हणाली, "एक विचारू? त्या नऊ दिवसांत तुम्ही का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

"तुम्हाला? जबलपूरच्या साहेबासमोर एका दमात सांगितलंत."

मी म्हटलं, घाईत राहून गेलं, गणपती होते. तिने मान हलवली आणि माझा हात हातात घेतला. त्यानंतर गाडी सुटेपर्यंत आम्ही खोकल्याच्या औषधाबद्दल बोललो.

६ नोव्हेंबर १९५६, मंगळवार

सकाळी सहा वाजता. थंडी पडू लागली. वासरू दौलतसिंहने धरलं, हे खुर्ची टाकून लिहायला बसले, आपणहून. मी कानापासून सुरुवात केली. पहिल्यांदा चुकले, पुन्हा मोजलं. डाव्याच्या गळ्याखाली एक टपोरा होता. वासराने मान माझ्या खांद्यावर टेकली. मी तो मोजला आणि पुढे गेले.

उजवं २, डावं ४४. सही केली.

आकडे जबलपूरला कळवायचे म्हणून पत्र लिहायला बसले. तीन ओळींत झालं. मग शरयूचा प्रश्न आठवला. गेले सहा दिवस मी त्याचं उत्तर शोधते आहे असं समजत होते. शोधत नव्हते. ठाऊक होतं. चार सप्टेंबरला, ती चहा न घेता जिना चढली तेव्हाच ठाऊक होतं. आकड्यांखाली लिहिलं, 'तू जाऊ नयेस म्हणून.' खाली नाव लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.

दौलतसिंह ते घेऊन डाकखान्यात गेला आहे. सव्वानऊ झाले. नऊला डाक निघते म्हणतात, पण तो वेळेवर पोचला असणार.